चारशे बारा मीटरची फेरी

वजनमापे निरीक्षकाच्या हातातली पेटी सोनाराने उचलून वर न्यावी, याहून मोठी नामुष्की आमच्या खात्याच्या इतिहासात झालेली नाही. तो इतिहास मी वाचलेला नाही, पण झाली नसणारच.

त्या सोनाराचं दुकान दुसऱ्या मजल्यावर. पायऱ्या अडतीस. माझी पेटी प्रमाण वजनांची, पितळी, मखमलीत बसवलेली, सगळी मिळून चौदा किलो. ती वजनं दुकानदाराच्या काट्यावर ठेवायची आणि काटा खरं बोलतो की खोटं ते बघायचं, हे माझं एकतीस वर्षांचं काम. त्या दिवशी एकविसाव्या पायरीवर माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि मी मटकन खाली बसलो. सोनार वरून धावत आला, "राहू द्या साहेब, राहू द्या," म्हणत त्याने पेटी उचलली आणि ताडताड वर निघून गेला. माझ्याहून चार वर्षांनी मोठा माणूस! वर त्याने मला खुर्ची दिली, पंखा लावला, दोन ग्लास पाणी पाजलं. आता तुम्हीच सांगा, ज्याचं पाणी पिऊन आपला जीव जागेवर आला, त्याच्या काट्याकडे कडक नजरेने कसं बघायचं? मी बघितलं, पण डोळ्यांपुढे अजून काजवे चमकत होते. काटा ठीक वाटला. मी शिक्का मारला आणि खाली उतरलो. तेव्हापासून एक टोचणी लागली ती लागलीच. काटा ठीक होता, की मला तो ठीक वाटून घ्यायचा होता?

आठच दिवसांत परिपत्रक आलं. पन्नाशी उलटलेल्या सर्व निरीक्षकांनी दोन किलोमीटर अंतर, कंसात सार्वजनिक बागेच्या चार फेऱ्या, पंचवीस मिनिटांत चालून दाखवावं. तीन महिन्यांची मुदत. दाखला न आणणाऱ्याची रवानगी आवक-जावक विभागात. सोनाराने कुठे तोंड उघडलं होतं की काय, देव जाणे.

आवक-जावक म्हणजे कपाटामागचं टेबल. तिथे बसलेल्या माणसाला फक्त चहावाला ओळखतो, आणि तोसुद्धा कपावरून. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. ही तीन वर्षं मला बाजारात काढायची होती. मी गल्लीत शिरलो की भाजीवाल्या बाईपासून धान्याच्या दुकानदारापर्यंत सगळे आपापली तागडी सारखी करतात, ते बघायला मला आवडतं. खोटं कशाला बोलू, फार आवडतं. ते गेलं तर माझ्याकडे उरतं काय? एक गुडघा आणि दुसरा गुडघा.

"चालायला लागा," बायको म्हणाली. "पाच वर्षं सांगतेय."

"नुसतं चालून होत नाही. शास्त्रशुद्ध पद्धतीने सुरुवात करावी लागते," मी म्हणालो आणि डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं. एक्याण्णव किलो. हा आकडा ऐकून कुठल्याही सभ्य माणसाला जी शंका येईल, तीच मला आली. मी खाली वाकून काट्याचा शिक्का शोधला. वाकताना कंबरेत कळ आली, पण शिक्का सापडला. दोन वर्षांपूर्वीचा!

"डॉक्टर, हा काटा ग्राह्य नाही," मी म्हणालो.

"मग तुमच्या खात्यातल्या काट्यावर करा," डॉक्टर शांतपणे म्हणाले. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं : रोज चालणे, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, जिना हळूहळू.

दुसऱ्या दिवशी खात्याच्या प्रमाणित काट्यावर वजन केलं. त्र्याण्णव भरलं. डॉक्टरांच्या काट्यावर मी कारवाई केली नाही.

मग रोज पहाटे साडेपाचला उठायचं ठरलं. पहिल्या दिवशी उठलो. दुसऱ्या दिवशी पाय भरून आले होते. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. चौथ्या दिवशी बायको पलंगाशी उभी राहून म्हणाली, "काय हो, तुमच्याकडे दुकानदार काय काय सांगतात? काटा कालपर्यंत बरोबर होता, आजच बिघडला?"

मी पांघरुणातून म्हणालो, "हो."

"आणि दुरुस्तीवाला येणारच होता, आलाच नाही?"

"हो."

"आणि मोठ्या भावाला माहीत, मी आत्ताच बसलोय गल्ल्यावर?"

मी उठलो. एकतीस वर्षं जी कारणं ऐकून मी दंड ठोकले, तीच मी एकामागोमाग एक घरात देत होतो. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! त्याच दिवशी मी एक जुनी तपासणी वही काढली आणि स्वतःच्या नावाने पान उघडलं. तारीख, फेऱ्या, उठाबशा, आणि शेवटचा रकाना 'दिलेली सबब'. हा रकाना फार कामाचा. सबब आपल्याच अक्षरात लिहावी लागली की ती फार हडकुळी दिसते. 'डावा बूट सापडला नाही' असं एकदा लिहिलं आणि इतकी लाज वाटली, की एका बुटाने नाही पण सपाता घालून बाहेर पडलो.

आमच्या इमारतीतून बागेत रोज जाणारे एकच थोर पुरुष, तळमजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे सर म्हणतात. आठ वर्षं, रोज दहा फेऱ्या, एकही खाडा नाही. बागेच्या दारात पाटी होती, 'एक फेरी : पाचशे मीटर'. त्या हिशोबाने सरांनी एका डायरीत आपली एकूण चाल लिहून ठेवली होती, चौदा हजार सहाशे किलोमीटर. ही डायरी ते पाहुण्यांना दाखवत.

सरांनी मला हाताशी धरलं. म्हणजे सल्ल्यांनी धरलं. पाठ ताठ, हनुवटी वर, श्वास नाकाने, हात कोपरात वाकवून, तोंड बंद. यातलं तोंड बंद त्यांना स्वतःला लागू नव्हतं. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठून उलटं चालायला सांगितलं, त्याने गुडघे मोकळे होतात म्हणे. मी एक दिवस उलटा चाललो आणि एका बाकावर बसलेल्या बाईंच्या मांडीवर जाऊन बसलो. त्याची नोंद वहीत केली नाही. बाईंनी आरडाओरडा केला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

तरी तीन आठवड्यांत मी चार फेऱ्या पूर्ण करायला लागलो. वेळ बावीस मिनिटं! पंचवीसची मुदत, आणि माझी बावीस! परीक्षेला अजून दीड महिना होता. कुणीही शहाणा माणूस इथे स्वतःची पाठ थोपटून गप्प बसला असता.

पण मला प्रश्न पडला. त्र्याण्णव किलोचा माणूस, तीन आठवड्यांत, बावीस मिनिटांत दोन किलोमीटर? मी मालाला ओळखतो. हा माल संशयास्पद होता. रविवारी मी खात्याची तीस मीटरची पोलादी टेप आणली, बायकोला दुसरं टोक धरायला लावलं आणि बागेची वाट मोजली. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून.

चारशे बारा मीटर.

"आता हे कुणाला सांगू नका," बायको टेप गुंडाळत म्हणाली. तिला माझा स्वभाव माहीत होता, म्हणून ती असं म्हणाली. आणि मला माझा स्वभाव आवरत नाही, म्हणून मी तिथेच सरांना सांगितलं.

सर पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं!" मग मी टेप दाखवली. टेपवरचा शिक्का दाखवला, चालू वर्षाचा. सर बाकावर बसले. त्यांनी डायरी काढली, पेन काढलं, बराच वेळ गुणाकार केला, कारण तो बरोबर येऊ नये असं त्यांना वाटत होतं.

"अडीच हजार किलोमीटर," ते शेवटी म्हणाले. "माझ्या पायातून अडीच हजार किलोमीटर काढून घेतलेत तुम्ही."

"सर, मी नाही, पाटीने..."

"पाटी आठ वर्षं गप्प होती," सर म्हणाले आणि उठून गेले. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं.

खरं तर इथेही थांबता आलं असतं. पण सार्वजनिक जागी खोटं माप लावलेलं आहे आणि आपण वजनमापे निरीक्षक असून गप्प आहोत, हे मला झेपेना. मी उद्यान कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनाने तक्रारीचा फॉर्म पुढे सरकवला. तक्रारीचे प्रकार चार : कचरा, भटकी कुत्री, दिवे, वाढलेली फांदी.

"यात वाट कमी भरते असा प्रकार नाही," मी म्हणालो.

"मग तक्रार होत नाही."

"अहो, पण अठ्ठ्याऐंशी मीटर कमी आहे!"

कारकुनाने माझ्याकडे दयेने पाहिलं. "फांदीत टाकू का? फांदीचं काम लवकर होतं."

मला वाटलं, प्रकार कुठलाही असो, आतला मजकूर तर कुणी वाचेल. मी 'टाका' म्हणालो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

फांदीचं काम खरोखर लवकर झालं. चौथ्या दिवशी करवत घेऊन दोन माणसं आली आणि बागेतल्या एकमेव सावलीच्या बाकावरची एकमेव मोठी फांदी तोडून गेली. तो बाक काकूंच्या मैत्रिणींचा होता. तक्रारदार म्हणून कागदावर माझी सही होती. काकूंनी मला जिन्यात पुन्हा गाठलं, पण या वेळी गुडघ्यांबद्दल काही बोलल्या नाहीत.

मी दुसरा अर्ज दिला, फांदीचा संबंध नसल्याचा. त्याची उद्यान कार्यालयाने अत्यंत गंभीरपणे दखल घेतली आणि बागेला कुलूप लावलं. 'चालण्याची वाट फेरमोजणीसाठी बंद.' तीन आठवडे!

आता रोज सकाळी बागेच्या बंद दाराशी पंधरा-वीस माणसं जमायची आणि मी दिसलो की बाजूला व्हायची, वाट द्यायला नव्हे. सर दाराबाहेर फुटपाथवर येरझाऱ्या घालत, पावलं मोठ्याने मोजत. तेवढ्यात मी गेलो की आवाज आणखी चढायचा.

बागेशिवाय चालायचं कुठे? रस्त्यावर गाड्या. गच्चीवर पाण्याच्या टाक्या. शेवटी मी इमारतीचा जिना धरला. तळापासून चौथ्या मजल्यापर्यंत बहात्तर पायऱ्या, वर-खाली, हळूहळू. पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर बसलो. तिथल्या कुत्र्याने माझा कान चाटला, आणि सगळ्या इमारतीत त्या दिवशी माझ्याशी प्रेमाने वागणारा तो एकटाच होता. वहीतल्या सबबीच्या रकान्यात लिहिलं, 'कोणी बोलत नाही'. मग ते वाचलं. बोलायचा नि चालायचा काय संबंध? खोडलं आणि पुन्हा चढलो. ऑफिसात खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठलो-बसलो, तेव्हा साहेबांना वाटलं मी त्यांना उठून मान देतोय. सातव्या वेळी ते ओशाळून म्हणाले, "बसा हो, एवढं काही नको."

त्या तीन आठवड्यांत पँटचं बटण बायकोला दोनदा आत घ्यावं लागलं. सुईत दोरा ओवताना ती गुणगुणत होती.

बाग उघडली. दारात नवी कोरी पाटी होती. सरकारी फेरमोजणीचा निष्कर्ष तिच्यावर ठळक अक्षरांत रंगवला होता : 'एक फेरी : एक फेरी'.

यात मला चूक काढता आली नाही.

परीक्षेच्या दिवशी खात्याचे डॉक्टर बाकावर, म्हणजे आता उन्हातल्या बाकावर, परिपत्रक घेऊन बसले. परिपत्रकात अजूनही 'कंसात चार फेऱ्या' होतं. बायको सोबत आली होती. बागेतली मंडळी लांबून बघत होती, आणि त्यांच्या पुढे सर, हातात त्यांचं शाळेतलं घड्याळ घेऊन. मी पडावं म्हणून आले असावेत. मी निघालो. पाठ ताठ, हनुवटी वर, श्वास नाकाने. चौथी फेरी संपवून बाकापाशी आलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "एकवीस मिनिटं. उत्तम! पास." आणि त्यांनी दाखल्यावर सही केली.

मी थांबलो नाही.

"अहो, झालं! झालं की!" डॉक्टर ओरडले.

"तीनशे बावन्न मीटर बाकी आहेत," मी न वळता म्हणालो. श्वास नाकाने घ्यायचं मात्र सुटलं.

दोन किलोमीटर कुठे पुरे होतात ते मला पाठ होतं, पाण्याच्या नळापाशी. तिथे मी पोचलो तेव्हा नळाशी सर उभे होते. ते लगबगीने आडवाटेने तिथे आले होते. कित्येक आठवड्यांनंतर पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले, आणि बोलताना त्यांच्या तोंडावर इतकं समाधान होतं, की मला त्यांच्यासाठी बरंच वाटलं.

"पंचवीस मिनिटं, चाळीस सेकंद," ते म्हणाले. "नापास."

तेवढ्यात बायको डॉक्टरांकडून दाखला घेऊन आली, तो मी बघितला. सही, शिक्का, सगळं होतं. तो साहेबांच्या टेबलावर ठेवायचा की माझी तीन वर्षं पक्की. आणि मग रोज कुणाच्या ना कुणाच्या काट्यापुढे उभं राहायचं आणि म्हणायचं, तुझा कमी भरतो. मला ते जमणार नव्हतं. मी बायकोला म्हणालो, "हा मी देणार नाही."

तिचे डोळे भरून आले. "अहो, वेड लागलंय का? चाळीस सेकंदांसाठी तुम्ही कपाटामागे जाऊन बसणार? मला घरात तुमचं ते तोंड बघवणार नाही. सांगून ठेवते!" मग तिने नाक पुसलं आणि एकदम विचारलं, "काटा चुकीचा निघाला की तुम्ही काय करता? फोडता?"

"छे. दुरुस्तीची नोटीस देतो. पंधरा दिवस. मग फेरतपासणी."

"दाखला द्यायची शेवटची तारीख कधी?"

"महिनाअखेर. अठरा दिवस आहेत."

"मग माझ्या तोंडाकडे काय बघताय? नोटीस लिहा."

मी तिथेच बाकावर बसून नोटीस लिहिली. माल : अस्मादिक. दोष : चाळीस सेकंद. मुदत : पंधरा दिवस. साक्षीदार म्हणून सही करायला कुणीतरी हवं होतं. सरांनी कागद माझ्या हातातून घेतला, शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त केली आणि सही ठोकली.

"उद्या साडेपाच," ते म्हणाले. "उशीर केलात तर दारातच उभं करीन. मला तरी कुठे वेळ आहे, अडीच हजार किलोमीटर भरून काढायचेत."

पुढचे पंधरा दिवस मी काय सोसलं ते मला विचारू नका. सर बारा फेऱ्या मारत आणि प्रत्येक फेरीत माझ्या बाजूने जाताना फक्त 'सेकंद!' एवढंच म्हणत. काकू रागावलेल्याच होत्या, पण सहाव्या दिवशी त्या उन्हातल्या बाकावरून ओरडल्या, "हात हलवा, हात! दळण घेऊन निघाल्यासारखे काय चालता?" त्या दिवशी दहा सेकंद कमी झाले. नवव्या दिवशी पोटरीत गोळा आला आणि वेळ सव्वीस मिनिटांवर गेली. घरी आलो आणि सबबीच्या रकान्यापुढे पेन धरून बसलो. बायको म्हणाली, "लिहा की, पोटरी." मी लिहिलं नाही. तेल लावलं आणि दहाव्या दिवशी पुन्हा गेलो.

पंधराव्या दिवशी बागेत नेहमीची सगळी मंडळी होती, पण चालत कुणी नव्हतं. मी चाललो. शेवटच्या तीनशे बावन्न मीटरांत मला कुणीच दिसत नव्हतं, फक्त पितळी नळ दिसत होता आणि तो माझ्याकडे येत नव्हता, मलाच त्याच्याकडे जावं लागत होतं. पोचलो आणि नळाला धरून उभा राहिलो.

सरांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, चष्मा काढला, चष्मा घातला.

"चोवीस, एक्कावन्न," ते म्हणाले. आणि मग आठ वर्षांची डायरी माझ्यापुढे धरून म्हणाले, "यातला एकूण आकडा तुमच्या हाताने दुरुस्त करा. मला धीर होत नाही." मी केला. त्यांनी खाली तारीख घातली.

दाखला साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि तसाच पेटी उचलून बाहेर पडलो. सोनाराच्या शिक्क्याची मुदत संपायला अजून आठ महिने होते, पण अचानक तपासणीचा अधिकार मला आहे. अडतीस पायऱ्या. एकविसावी आली, गेली. तिसाव्या पायरीवर छाती भात्यासारखी चालायला लागली, मी कठड्याला हात लावला नाही. वर सोनार दारात उभा होता. त्याने मला बघितलं, पेटीला बघितलं आणि पेटीसाठी हात पुढे केला. मी पेटी दुसऱ्या हातात घेतली.

"या साहेब, बसा, पंखा लावतो," तो म्हणाला आणि पाण्याचा ग्लास भरून पुढे आला. "आधी पाणी घ्या."

तहान तर अशी लागली होती की काय सांगू.

"पाणी नंतर," मी म्हणालो आणि पेटीचं झाकण उघडलं. "आधी काटा."